सात रुपये किलोमीटर

गाडी दारात आली तेव्हा आईने आधी बाबांना बोलून घेतलं, मग गाडीला ओवाळलं. दोन्ही एकाच ताटाच्या आजूबाजूला झालं. कुंकू लावता लावता ती म्हणत होती, "खायला घरात तीन माणसं होती, ही चौथी आणलीत. हिला पोसणार कोण?" बाबा हातात नारळ घेऊन लग्नातल्या नवऱ्यासारखे गप्प उभे होते. कुळगावातल्या आमच्या दोन मजली इमारतीच्या गॅलरीत सगळे जमले होते. मी सतरा वर्षांची होते आणि मला त्या पांढऱ्या, जुन्या, पुढच्या दिव्याला चीर गेलेल्या गाडीचा इतका अभिमान वाटत होता की आईचा राग मला कानांनी ऐकू येत होता, पण आत शिरत नव्हता.

गाडी आली ती आईमुळेच, हे मात्र तिने कधी कबूल केलं नाही. आई साड्यांना फॉल-बिडिंग करायची. उल्हासनगरच्या एका सिंधी व्यापाऱ्याच्या दुकानातून साड्यांचे गठ्ठे यायचे, आठवड्याने तयार होऊन परत जायचे. आमच्या घराचा आवाज म्हणजे आईचं मशीन. दुपारी ते थांबलं की काहीतरी बिघडलंय असं वाटून मी झोपेतून जागी व्हायची. एका रविवारी बाबा गठ्ठा पोचवायला गेले आणि शेठजींनी चहा मागवून म्हटलं, "भाऊ, मैं नयी ले रहा हूँ. पुरानी घर की ही है, आप ले जाओ. पैसा आरामसे." बाबा मोरिवलीला एका कंपनीत फिटर होते. आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त केलेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी स्वतःचं यंत्र देऊ करत होतं. त्यांनी कंपनीच्या पतपेढीतून कर्ज काढलं आणि घरी येऊन सांगितलं. त्या रात्री आमच्याकडे सुकटीची चटणी आणि भाकरी होती, ती कुणीच पोटभर खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी आईने अट घातली. तिच्या अटी छोट्या असायच्या आणि बदलायच्या नाहीत. "कर्जाचा हप्ता पगारातून कापला जाईल, ते मी सोसेन. पण त्यानंतर गाडीने घरातला एक रुपया खायचा नाही. पेट्रोल, टायर, विमा, सगळं तिचं तिने बघायचं. ज्या महिन्यात घरातले पैसे मागेल, त्या महिन्यात विकायची." बाबा म्हणाले, "चालेल." लगेच चालेल म्हणाले, कारण कसं चालणार याचा त्यांनी विचारच केला नव्हता. बाबांना इंजिनाचं सगळं कळायचं आणि पैशाचं काही कळायचं नाही. म्हणजे हिशेब यायचा, पण मागता यायचं नाही. कुणी पैसे पुढे केले की त्यांचा हात आपोआप मागे जायचा आणि तोंडातून "राहू दे हो" निघायचं. मला तो "राहू दे हो" अजून ऐकू येतो आणि अजूनही थोडा राग येतो.

आणि मागायला तर रोज कुणीतरी दारात असायचं. आमच्या इमारतीत ती पहिली चारचाकी. कुणाची सासू दवाखान्यातून घरी आणायची, कुणाला लग्नाचा बस्ता बांधायला उल्हासनगरला जायचं, कुणाला अंबरनाथच्या शिवमंदिरात. गाडीने घरी पोचलं की उतरताना खिशाला हात लावून विचारायचं, "पेट्रोलचं काय ते सांगा," अशी आपल्याकडची पद्धत. भाडं म्हणायचं नाही, भाडं म्हटलं की माणूस ड्रायव्हर होतो. पेट्रोलचं म्हणायचं. आणि पेट्रोलचं म्हटलं की गाडी फक्त पेट्रोल पिते, तिचे टायर, ऑइल, ब्रेक, क्लच सगळं अमर आहे, असं देणारा आणि घेणारा दोघंही धरून चालतात. बाबा तर तेवढंही घेत नव्हते. तीन महिन्यांत पुढचे दोन टायर गुळगुळीत झाले आणि आईने टायरकडे न बघता बाबांकडे बघितलं.

मग मी गाडी माझ्याकडे घेतली. म्हणजे किल्ली बाबांकडे, पैसे माझ्याकडे. आईने उरलेल्या फॉलच्या कापडाचा एक लांब पडदा शिवून दिला, त्याला पाच कप्पे. पेट्रोल, टायर, ऑइल-दुरुस्ती, विमा आणि शेवटचा "अचानक". तो स्वयंपाकघराच्या दाराच्या मागे टांगला. आईचा गाडीला विरोध होता, पण व्यवस्थित कप्पे शिवून न देण्याइतका नव्हता. मी दोन महिने गाडीचा प्रत्येक किलोमीटर वहीत लिहिला आणि बाबांना प्रश्न विचारून विचारून हैराण केलं. टायर किती चालतो? ऑइल कधी बदलायचं? क्लचप्लेटला किती पडतात? शेवटी आकडा निघाला. पेट्रोलचे चार रुपये आणि झिजेचे तीन, मिळून सात रुपये किलोमीटर. मी तो आकडा गॅलरीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केला. अठराव्या वाढदिवसाच्या पुढच्याच आठवड्यात शिकाऊ लायसन्स काढलं, मग पक्कं, आणि गाडी चालवायलाही मीच बसले.

लोक हसले. आमच्या खालच्या काकू म्हणाल्या, "काय गं वैशू, शेजाऱ्यांकडून पण मीटर टाकणार?" मी म्हटलं, "काकू, मीटर गाडीत आहेच, मी फक्त वाचते." त्यांना राग आला, पण पुढच्या सोमवारी बहिणीकडे जायला त्यांनीच गाडी सांगितली आणि सात रुपयांनी पैसे दिले. खासगी गाडीतून असे पैसे घेणं नियमात बसत नाही, हे मला आता चांगलं माहीत आहे. तेव्हा आम्ही त्याला गाडीखर्च म्हणायचो आणि तेवढ्यावर आमचं समाधान व्हायचं. आजच्या मुलांना फोनवर बोट लावलं की गाडी येते आणि भाडं आधीच दिसतं, त्यामुळे माणसाच्या तोंडावर आकडा सांगणं किती अवघड असतं ते त्यांना कळणार नाही. मलाही सुरुवातीला जड जायचं. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर थांबलं. पैसे मागणं ही एक सवय आहे, पोहण्यासारखी, आणि ती मला अठराव्या वर्षी लागली याचा मला पुढे फार उपयोग झाला.

वर्षभर गाडीने घरातला एक रुपया खाल्ला नाही. विम्याचा कप्पा हळूहळू भरत आला. विमा मे महिन्याच्या अखेरीला संपत होता, लागणार होते छत्तीसशे, आणि एप्रिल संपताना कप्प्यात बरोबर छत्तीसशे होते. मी ते रोज मोजायची. आई मशीनवरून म्हणायची, "मोजून वाढत नाहीत गं ते." पण तिलाही बरं वाटत होतं, मला दिसायचं. बाबा ड्यूटीवरून आले की चहाचा कप घेऊन खाली जायचे, गाडीत बसायचे, काच खाली करून चहा प्यायचे आणि कुठेही न जाता वर यायचे. त्या माणसाने माझ्या आठवणीत स्वतःसाठी केलेली ही एकच चैन.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शकूआत्याच्या पूनमचं लग्न होतं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, मोरिवली गावात दिलेली. कंपन्यांच्या भिंतींना लागून तिचं घर होतं आणि भोंग्यावर तिचं घड्याळ चालायचं. बाबांनी मला सांगितलं, "चार दिवस गाडी अक्काकडे." मी म्हटलं, "चालेल, वहीत लिहिते." बाबा काहीतरी बोलणार होते, पण बोलले नाहीत. मी समजले की नेहमीसारखं मागायला लाजतायत. शेवटच्या दिवशी आत्याच विचारेल, नाही विचारलं तर मी सांगेन, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

चार दिवस मी स्टिअरिंगवरून उतरले नाही. बस्त्याच्या राहिलेल्या साड्या, लाडवांचे डबे, हळदीचे पाहुणे, भटजी, आणि एकदा फक्त विसरलेली परात आणायला कुळगाव ते मोरिवली. पेट्रोलचा कप्पा दुसऱ्याच दिवशी रिकामा झाला. मी विम्याच्या कप्प्यातून घेतले, पुन्हा भरायचेत म्हणून मनात लिहून ठेवलं. लग्नाच्या सकाळी गाडी सजवायला फुलवाला आला. म्हणाला, "ताई, दोऱ्याने बांधतो. वेळ लागेल, शंभर जास्त द्या. नाहीतर टेपने चिकटवतो." शंभर रुपये म्हणजे चौदा किलोमीटर. मी म्हटलं, "टेपने लाव," आणि त्याचे पैसेही विम्याच्या कप्प्यातूनच दिले. त्याने बॉनेटवर आणि दोन्ही दारांवर झेंडूच्या माळा रुंद टेपने चिकटवल्या, बदामाच्या आकारात गुलाब लावले. गाडी फार सुरेख दिसत होती. अंतरपाटाच्या वेळी बाबा मामा म्हणून पूनमच्या मागे उभे होते, कडक इस्त्रीच्या शर्टात, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत त्यांनी तिच्या खांद्यावरचा हात काढला नाही. संध्याकाळी नवरा-नवरीला मीच त्यांच्या घरी सोडलं. दिवसभर गाडी मे महिन्याच्या उन्हात उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुलं काढायला गेले. टेप ओढली तर टेपबरोबर रंगही आला. शेठजींच्या आधी कुणीतरी मूळच्या निळ्या गाडीवर पांढरा हात मारलेला होता, तो पापुद्र्यासारखा सुटला. बॉनेटवर निळ्या रंगाचा अर्धवट बदाम, दारांवर निळे पट्टे आणि मधेमधे नुसता पत्रा. मी तिथेच फुटपाथवर बसले. रडले नाही, कारण गॅलरीत काकू होत्या. बाबांनी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "दारांचा पत्रा उघडा पडलाय. पावसाआधी रंग द्यायला हवा, नाहीतर गंजेल." उल्हासनगरचा रंगवाला गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "साडेचार हजार. इससे कम में करूँगा तो फिर उखड़ेगा." घरी येऊन मी कप्पे मोजले. बाकीचे जवळपास रिकामे, विम्याचे साडेआठशे कमी. महिना संपायला पंचवीस दिवस. आई मशीन चालवत होती आणि काही बोलत नव्हती, म्हणजे तिला सगळं कळलेलं होतं. रात्री जेवताना बाबा भाताकडे बघत म्हणाले, "शेठजींना विचारतो, कुणी गिऱ्हाईक आहे का." त्यांचा आवाज अगदी साधा होता. आईने त्यांना अजून थोडी आमटी वाढली. तिने विकायला सांगितलं नव्हतं, पण नकोही म्हटलं नाही.

मला ते सहन झालं नाही. माझ्या डोक्यात सगळं स्पष्ट होतं. गाडी आत्याच्या लग्नात झिजली, आत्याच्या लग्नात तिचा रंग गेला, आत्याने पैसे द्यायला हवेत. बाबा मागणार नाहीत, मी मागेन. टेप मी लावायला सांगितली होती, हे मला आठवत नव्हतं असं नाही, पण त्या विचाराला मी बसायला जागा देत नव्हते. बाबा ड्यूटीवर असताना मी एका कागदावर नीट लिहिलं. दोनशे बारा किलोमीटर, सात रुपयांनी चौदाशे चौऱ्याऐंशी. रंगाचे साडेचार हजार. एकूण पाच हजार नऊशे चौऱ्याऐंशी. गाडी घेऊन मोरिवलीला गेले आणि निळा बदाम दिसेल अशी, तोंड दाराकडे करून उभी केली.

आत्या ओसरीवर लग्नाची भाड्याची भांडी मोजून गोणीत भरत होती. "काय गो, एकटीच? बस. लाडू खा, अजून डबाभर उरलेत." मी लाडू घेतला नाही. कागद पुढे केला. ती म्हणाली, "चष्मा आत आहे. तूच वाच." मग मी वाचलं. पहिली ओळ ठणठणीत वाचली. दुसऱ्या ओळीला माझाच आवाज मला परका वाटायला लागला. एकूण सांगून झाल्यावर आत्याने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"हे तुझ्या बापाने पाठवलंय?"

"नाही. त्यांना माहीत नाही."

"मग बरं." तिने गाडीकडे बघितलं. "गुढीपाडव्याला तुझा बाप इथे येऊन बसला होता. तू बसलीस तिथंच. म्हणाला, अक्का, पूनमला मामाकडून सोन्याचं काही द्यायचं म्हणून मनात धरलं होतं, पण कर्जाचा हप्ता चालू आहे, यंदा जमत नाही. चार दिवस गाडी तुझ्या दारात उभी करतो, तोच माझा आहेर समज. हे सांगताना त्याची मान वर नव्हती. मी म्हटलं, अरे, मामा गाडी देतोय, सोन्यापेक्षा मोठं झालं. मांडवात विचारणाऱ्या प्रत्येक बाईला मी तेच सांगितलं. तिच्या सासूलाही सांगितलं." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "आहेराचं बिल लावतात का गो कुणी?"

आयुष्यात मला अनेकदा लाज वाटली आहे, पण तशी कधीच नाही. बाबांनी एकुलत्या एका भाचीला दिलेली एकुलती एक वस्तू मी किलोमीटरने मोजून त्यांच्या बहिणीला विकायला आले होते. मी म्हटलं, "आत्या, टेप मीच लावायला सांगितली. शंभर रुपये वाचवायला." कुणी विचारलं नसताना सांगितलं, कारण ते आत ठेवून तिथून उठता आलं नसतं. ती हसली नाही आणि रागावलीही नाही. फक्त विचारलं, "विम्याला किती कमी पडतायत?" मी सांगितलं. "नाही भरले तर?" मी आईची अट सांगितली. पैसे काढायला ती आत जाईल असं मला वाटलं आणि तिने जाऊ नये असंही वाटलं. ती गेली नाही. कागदावर बोट ठेवून म्हणाली, "हे सात रुपये. त्यात टायर-बियर सगळं आलं?" मी मान हलवली. "रिक्षावाला उल्हासनगरला जाऊन यायचे याच्यापेक्षा जास्त घेतो." तिने कागद घडी करून मला परत दिला, हातावर लाडू ठेवला आणि म्हणाली, "यातलं तुझ्या बापाला काही सांगू नकोस. मी पण नाही सांगत."

पुढच्या रविवारी सकाळी बाबा खाली गाडीजवळ होते. रंगवाल्याकडे न जाता त्यांनी कंपनीतल्या एका माणसाकडून पांढऱ्या रंगाचा छोटा डबा आणला होता आणि ब्रशने निळं झाकत होते. ब्रशचे फटकारे लांबूनही दिसत होते. दारं झाली होती, बॉनेट राहिलं होतं. तेवढ्यात शकूआत्या रिक्षातून उतरली, हातात साड्यांची पिशवी. आहेरात आलेल्या तीन साड्या शेठजींच्या दुकानातून बदलून आणायच्या होत्या. वर न येता म्हणाली, "वैशू, गाडी काढ. उल्हासनगरला जायचंय, येताना मला मोरिवलीला सोड." बाबा हात पुसून मागे बसले, बहीण आली म्हणून तेही निघाले. दुकानात आत्याने शेठजींशी तासभर घासाघीस केली, त्यांनी दालपकवान मागवून खाऊ घातलं आणि तरी एका साडीचे पन्नास जास्त घेतले. आत्या आता कधीतरी बोलेल आणि बाबांना कळेल, याचीच मला धास्ती होती.

मोरिवलीला तिच्या दारात गाडी थांबवली. आत्या पुढच्या सीटवर बसूनच राहिली. म्हणाली, "किती झाले?"

बाबा मागून म्हणाले, "अगं अक्का, काय बोलतेस? राहू दे."

"तुला कुणी विचारलं? पैसे पोरीकडे असतात ना?" ती मागे वळली. "तू आहेर दिलास, तो मी घेतला, डोक्याला लावला. तो वेगळा. हे भाडं आहे. यात तू बोलायचं नाहीस."

मी मीटरकडे बघितलं. "घरी परत जायचे धरून अठ्ठावीस किलोमीटर. एकशे शहाण्णव."

तिने शंभराच्या दोन नोटा काढून दिल्या आणि हात पुढेच ठेवला. मला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि मी पाकिटातून चार रुपये काढून तिच्या हातावर ठेवले. तिने ते नाणं नाणं करून मोजले, पाकिटात टाकले, उतरली आणि खिडकीतून म्हणाली, "बुधवारी माझ्या जावेला दवाखान्यात न्यायचंय. तिला दर सांगितलाय." त्या महिन्यात मोरिवलीच्या निम्म्या बायका माझ्या गाडीत बसल्या. विमा मुदत संपायच्या आदल्या दिवशी भरला. पण ते सगळं नंतरचं. त्या वेळी आत्या पिशवी घेऊन घरात गेली आणि आम्ही दोघंच उरलो. बाबा मागून उतरले, पुढे येऊन माझ्या शेजारी बसले. समोर अर्धवट निळं बॉनेट होतं. मग त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि विचारलं, "माझे किती झाले?"

"तुमचे आहेरात गेले," मी म्हटलं, आणि पहिला गिअर टाकला.